अर्धा भोवत्या

हाताचा पंजा कानामागे न्यायचा, कान थोडा पुढे ढकलायचा आणि म्हणायचं, "आं? परत सांगा की." अण्णांशी माझं जेवढं म्हणून बोलणं झालं ते सगळं असंच सुरू झालं.

पोरवयापासून मागाच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस. त्याचे कान शाबूत राहायचे कसे? तुम्ही सोलापुरात राहिला असाल तर असे लोक तुम्हीही पाहिले असतील. ते एकमेकांना चहा विचारत असतात आणि परक्याला वाटतं, भांडण जुंपलंय. अण्णा मात्र हळू बोलत. आणखी एक गोष्ट माझ्या लवकरच लक्षात आली. बायको रेशनच्या रांगेबद्दल बोलू लागली की त्यांचा हात मांडीवरून हलत नसे. माळावर चंडोल गायला लागला की तोच हात आपोआप कानामागे जाई. मी एकदा यावरून चिडवलं, तर शांतपणे म्हणाले, "ऐकायचं असलं की ऐकू येतंय, सर."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

भवानी पेठेत त्यांना सगळेच अण्णा म्हणत. घरात ते तेलुगू बोलत, बाहेर आमची सोलापुरी मराठी. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण इथे लिहीत नाही. ज्या कागदावर ते लिहायला हवं होतं तिथे मी लिहिलं नाही; आता इथे लिहून कुणाला दाखवू?

मी तेव्हा एका हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. वय अठ्ठावीस आणि अंगात भलतीच रग. बहात्तरचा दुष्काळ सरला होता, माळावर पुन्हा गवत उभं राहिलं होतं आणि दिवाळीच्या सुमाराला त्या गवतावर एक शिकारी पक्षी येऊ लागला होता. घारीपेक्षा सडपातळ, लांब शेपटीचा. घार उंच घिरट्या घालते. हा गवताच्या शेंड्यांना पोट लागेल इतक्या खालून जातो, पंख वर उचलून धरलेले, माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग वळून परत. नर राखाडी-पांढरा, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. पुस्तकात त्याचं नाव भोवत्या. हिमालयाच्याही पलीकडच्या गवताळ मुलखातून तो हिवाळ्यात येतो आणि शिमगा झाला की निघून जातो. आमच्याकडे लोक त्याला सरसकट घार म्हणत आणि याचा मला फार राग यायचा. या रागाने मी घरातल्यांनाही बेजार करून सोडलं होतं.

जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात भोवत्याचा मोठा तक्ता लावायचा आणि एकदा सगळ्यांना शहाणं करून सोडायचं, असं मी ठरवलं. माझी स्वतःची चित्रकला अशी की मी फळ्यावर बेडूक काढला तर मुलं खाली बटाटा लिहीत. म्हणून नव्या पेठेतल्या एका पाट्या रंगवणाऱ्याला गाठलं. त्याने चार दिवसांनी जे चित्र दिलं त्यात भोवत्याच्या डोक्यावर मुकुट होता. "त्यानं जरा शोभा येते," असं त्याचं म्हणणं. मी तो कागद हातात धरून उभा राहिलेला पाहून शेजारच्या चादरीच्या दुकानदाराला दया आली असावी. त्याने एक चादर उलगडली आणि तिच्यातला मोर दाखवला. मोराच्या गळ्याचा बाक असा होता की तो आत्ता मान वळवील असं वाटलं. "हा ज्यांनी काढलाय त्यांच्याकडं जावा," तो म्हणाला.

अण्णा चादरींची नक्षी काढत. म्हणजे बारीक चौकटींच्या कागदावर आधी फूल, मोर, कोयरी उतरवायची. एकेक चौकट म्हणजे धाग्यांचा हिशेब. त्या चौकटींवरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, पट्ट्या मागावर चढवतात, आणि मग मोर ओळीओळीने चादरीत उतरत जातो. त्यांचं तिरकं टेबल घरातच खिडकीखाली होतं. भिंतीपलीकडे कारखान्याचे माग चालू असत. टेबलावरची पाण्याची वाटी दिवसभर थरथरत असे, पण त्यांची पेन्सिल कधी थरथरली नाही.

मी पुस्तकातलं बोटाएवढं काळंपांढरं चित्र दाखवलं आणि बराच वेळ बोललो. त्यांनी पंजा कानामागे धरून सगळं ऐकून घेतलं आणि आठ दिवसांनी मला अर्धा पक्षी दिला.

अर्धा म्हणजे खरोखर अर्धा. एक पंख, अर्धी छाती, अर्धं डोकं, एक डोळा. मधोमध सरळ रेघ आणि तिच्यापलीकडे कोरा कागद.

"आणि उरलेला अर्धा?"

"ते उलटून येतंय की."

चादरीची नक्षी अर्धीच काढायची असते, दुसरी बाजू मागावर उलटून विणली जाते, हे मला कुठून ठाऊक असणार? आणि शास्त्राच्या मास्तराला एवढंही ठाऊक नसेल हे त्यांना कसं सुचावं? मग त्यांनी खुंटीवरचा पत्र्याच्या चौकटीचा दाढीचा आरसा काढला आणि मधल्या रेघेवर उभा धरला. पक्ष्याने एकदम दुसरा पंख उघडला. तो थेट माझ्या अंगावर येत होता. मी लहान मुलासारखा ओरडलो. ते मात्र त्यांना ऐकू गेलं, कारण ते हसले.

"पन ह्ये पुस्तकातलं काढलोय, सर. पाखरू मी बगितलो न्हाई. न बगता चौकटी कशा मोजायच्या?"

अशा रीतीने आमच्या माळावरच्या फेऱ्या सुरू झाल्या. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी दोन सायकली बार्शी रस्त्याने निघत. माझ्याजवळ शाळेची दुर्बीण, घड्याळ, वही, दोन पेन्सिली, टोपी. अण्णांजवळ खांद्यावर एक तपकिरी शाल. बांधाला टेकून ते बसत ते असे की शाल कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते ते कळू नये. एकदा मेंढरं घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय हरवलंय का वं?" अण्णा म्हणाले, "न्हाई. पाखरू मोजालाव."

खरंच मोजत असत. शेपूट पंखाच्या किती पट, मान शेपटीच्या किती पट. "चार येळा पंख मारतंय, मग नुसतं तरंगतंय. पुन्ना चार." मी वहीत 'संथ उड्डाण' एवढंच लिहिलं होतं. एका संध्याकाळी त्यांनी मला दंडाला धरून खाली बसवलं. सूर्य टेकला होता. चारी बाजूंनी भोवत्ये येत होते, दहा-बारा तरी असतील, आणि एकामागून एक गवतात उतरून दिसेनासे होत होते.

"हितंच झोपतेत."

"शक्य नाही," मी म्हणालो. "शिकारी पक्षी झाडावर झोपतात."

अण्णांनी सगळ्या माळावरून नजर फिरवली. "झाड कुटं हाय, सर?"

हे मला मान्य करावं लागलं, पण आनंदाने केलं असं म्हणवत नाही. माझा स्वभावच तसा होता. पुस्तकात वाचलेलं मला डोळ्यांनी दिसलेल्याहून जास्त खरं वाटे. आणि पेठेतल्या माणसाने आपल्याला पक्ष्याबद्दल काही सांगावं, हे कुठेतरी टोचत असे. तेव्हा हे कबूल केलं नसतं. आता करतो.

मग ती सकाळ आली. मी बांधाच्या अलीकडे बसून वहीत 'सकाळी आठ ते नऊ, काहीही दिसले नाही' असं लिहीत होतो. बांधाच्या पलीकडून अण्णांचा आवाज आला, न कळणारा, तेलुगूत काहीतरी. मी धावत गेलो. ते शाल पांघरून तसेच बसलेले, तोंड उघडं.

"समोरासमोर आलं," ते म्हणाले. "बांदावरनं खाली आलं आन् हितं, चार हातावर थांबलं हवेत. ते माजं तोंड बगितलं, मी त्येचं बगितलो. सर, त्येच्या तोंडाला कडं हाय."

"कडं?"

त्यांनी एका बोटाने आपल्या एका कानापासून हनुवटीखालून दुसऱ्या कानापर्यंत रेघ ओढली. "असं. बारीक पिसांचं. घुबडाला असतंय तसं, पन बारीक. ते बगून शिकार करत न्हाई, सर. ऐकालंय ते. म्हनून येवढं खालनं जातंय. गवतात उंदीर हलला की ऐकू येतंय त्येला." आणि त्यांनी आपला पंजा कानामागे धरून मला दाखवला. "ह्ये असं. त्येनं दोन्ही हात कायमचे कानामागं धरलेत."

मी काय म्हणालो ते सांगायला लाज वाटते. मी म्हणालो, "अण्णा, पुस्तकात तसं काही नाही."

"पुस्तकवाल्यानं लांबनं बगितलं आसंल."

तक्ता तयार झाला तो असा. मधोमध समोरून येणारा भोवत्या, पंख वर उचललेले. या वेळी दोन्ही बाजू काढलेल्या. खाली गवतात झोपायला उतरणारे पाच-सहा लहान लहान. सगळं पेन्सिलीत. आणि चेहऱ्याभोवती ते कडं, केसाएवढ्या बारीक रेघांचं. मी दोनदा सांगून पाहिलं, ते काढून टाका. दोन्ही वेळा त्यांचा हात मांडीवरून हलला नाही. प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं, म्हणून मी तसाच तक्ता नेला. वर सुबक अक्षरात शीर्षक लिहिलं, खाली माझं नाव. चित्रकाराचं नाव लिहायला जागा होती. मनातच आलं नाही.

प्रदर्शनाला अण्णा आले. मी बोलावलं नव्हतं, पण तारीख माझ्याच बोलण्यात आली होती. अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले आणि तक्त्यापासून पाच-सहा हात दूर, खांबाशी उभे राहिले. आपण चित्र काढल्याची खूणसुद्धा त्यांनी कुणाला दिली नाही. लोक तक्त्यापाशी थांबले की ते लोकांच्या तोंडाकडे बघत.

परीक्षक आले. जाड चष्म्याचे, घाईतले. तक्त्याकडे वाकून बघत म्हणाले, "हे काय? ससाणा की घुबड?"

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. तेवढ्याने माझं पाणी पाणी झालं. मीही हसलो. परीक्षकांच्या कानाशी लागून म्हणालो, "अहो, चादरीवाल्याकडून काढून घेतलंय. कोयऱ्या काढणारा माणूस, त्याला पक्ष्यातलं काय कळतंय? घुबडाचं तोंड चिकटवून दिलं. थांबा, आत्ताच्या आत्ता दुरुस्त करतो." आणि खिशातलं रबर काढून, सगळ्यांच्या देखत, मी ते कडं खोडलं. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत.

मी हळू बोललो होतो. गर्दीचा गलका होता आणि अण्णांचे कान तसे होते. या भरवशावरच मी बोललो, हे मला आज साफ दिसतं. त्यांना ऐकू जाणार नाही, म्हणून बोललो.

रबराचा भुगा झटकून मी मागे वळलो. अण्णा खांबाशी उभे होते. त्यांचा हात कानामागे होता.

तो त्यांनी सावकाश खाली घेतला. पुढे आले, तक्त्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "सर, रबर येवढं जोरात घासू नका. कागद फाटंल."

तक्त्याला उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर माझं नाव.

त्यानंतर मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. एकदा दुर्बीण दाखवायला, दुरुस्त होऊन आली म्हणून; एकदा उगाच. त्यांनी चहा दिला, शाळेची चौकशी केली. मी बोलत राहिलो आणि त्यांचा हात मांडीवरच राहिला. एकदाही वर गेला नाही. मला काय सांगायचं होतं ते मी सांगितलंच नाही, तेव्हा त्यांनी तरी काय ऐकावं? माळावर जाऊ या का, असं विचारलं तर हसून म्हणाले, "आता लई काम हाय." तिसऱ्यांदा मी गेलो नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका विद्यार्थ्याचे वडील, शहराजवळच्या गावचे शेतकरी, दुरडीत झाकून एक पक्षी घेऊन शाळेत आले. ज्वारीच्या रानात पाखरं हाकायला बांधलेल्या दोरीत त्याचा पंख अडकला होता. "घार हाय, पन येगळीच हाय," ते म्हणाले. मी दुरडी उघडली. तपकिरी मादी होती. पिवळ्या डोळ्यांनी तिने माझ्याकडे पाहिलं.

मी तिला फडक्यात धरून खिडकीपाशी नेलं. चेहऱ्याभोवती, एका कानापासून हनुवटीखालून दुसऱ्या कानापर्यंत, आखूड ताठ पिसांचं कडं होतं. बोटाने ती पिसं बाजूला केली. खाली कान होता, एवढ्याशा डोक्याला न शोभणारा मोठा, उघडा. ते कडं त्या कानाला पंजासारखं पाठीमागून आधार देत होतं.

चूक कळली की माणूस धावत जाऊन ती कबूल करतो, असं मी वर्गात शिकवत असे. मी गेलो नाही. तो पक्षी दोन दिवस माझ्या प्रयोगशाळेत होता. भवानी पेठ सायकलने दहा मिनिटांवर. अण्णांना बोलावलं असतं तर ज्याला त्यांनी चार हातांवरून क्षणभर पाहिलं तो पक्षी त्यांना हातात धरून बघता आला असता. एकेक पीस मोजता आलं असतं. पण बोलावलं तर तोंड उघडावं लागलं असतं, आणि शाळेतले बाकीचे मास्तर तिथे होते. तिसऱ्या दिवशी पंख ठीक झाला. मी तिला माळावर नेऊन सोडलं, एकट्यानेच. ती गवतावरून खालून खालून गेली. चार वेळा पंख मारून तरंगली. मग पुन्हा चार. माझ्या आयुष्यात मी केलेल्या वाईट गोष्टी मोजायला बसलो तर ते दोन दिवस पहिल्या ओळीत येतील.

त्यानंतरही मी आठ महिने घालवले. परीक्षा, मग उन्हाळ्याची सुट्टी, मग पाऊस. जायचं नसलं की कारणांना तोटा नसतो. दिवाळीत, माळावर भोवत्ये पुन्हा दिसले तेव्हा, मी सायकल काढली. मनात वाक्य घोळवत गेलो. मोठ्याने बोलायचं, सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं, एवढं ठरवलं होतं.

दाराला कुलूप होतं. खिडकीखालचं टेबल नव्हतं. शेजारच्या बाई सूत गुंडाळत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली.

"अण्णा? ते भिवंडीला गेले की, पोराकडं. श्रावणातच. डोळे बी कमी झालेते, नक्षीचं काम होईना. आन् कान तर पार गेले. शेवटी शेवटी तोंडाशी जाऊन वरडलं तरी ऐकू येत न्हवतं." मग माझ्याकडे नीट पाहून, "तुमी शाळेतले सर न्हवं का?"

मी मान हलवली.

त्या आत गेल्या आणि दोऱ्याने बांधलेली कागदाची एक सुरळी घेऊन आल्या. "सर आले तर द्या म्हनालते. न्हाई आले तर राहू दे म्हनालते."

भिवंडीचा पत्ता त्यांच्याजवळ नव्हता. पेठेत आणखी चौघांना विचारलं, कुणाजवळच नव्हता. नंतर एका ओळखीच्या माणसाबरोबर, खरं नाव सांगून, मी भिवंडीला निरोप पाठवून पाहिला. त्या नावाने कुणी ओळखत नाही आणि सोलापूरचे इतके अण्णा तिथे आहेत, कुणाला म्हणून विचारू, असं तो परत येऊन म्हणाला. मला त्यांच्याविषयी पुढे काही कळलं नाही.

सुरळी मी घरी येऊन सोडली. आत चौकटींचा एकच कागद होता. त्यावर भोवत्याचा चेहरा होता, वीतभर मोठा, समोरून. पेन्सिल ठिकठिकाणी दाबलेली. डोळ्यांनी दिसेनासं झालेल्या माणसाने बोटांनी चौकटी मोजून काढलेला. एक डोळा, अर्धी चोच, आणि कानापासून हनुवटीपर्यंत आलेलं अर्धं कडं. एकेक पीस वेगळं. मधोमध सरळ रेघ, पलीकडे कोरा कागद. माझं नाव नाही, त्यांचं नाव नाही, एक अक्षरही नाही.

मी दाढीचा आरसा आणला आणि त्या रेघेवर उभा धरला.

अख्खा चेहरा माझ्याकडे बघत होता. दोन्ही बाजूंनी कडं मिळालं होतं, कुठे तुटलेलं नव्हतं. हात अवघडला तरी मी आरसा काढला नाही. मग पेठेपर्यंत घोळवत नेलेलं आणि तसंच परत आणलेलं वाक्य मी म्हणालो, ठरवलं होतं तितक्याच मोठ्याने.

"अण्णा, कडं आहे."

परत सांगा की, असं म्हणायला तिथे कुणी नव्हतं.